ॲबिंग्डनची मोटार आणि तिचे राखणदार

यंत्राचा इतिहास लिहिण्याची आपली रीत ठरलेली आहे. ते कोणी निर्माण केले, कोणत्या वर्षी बाजारात आले, किती खपले आणि त्याचे उत्पादन केव्हा थांबले, एवढे सांगितले की इतिहास पुरा झाला असे आपण समजतो. परंतु उत्पादन थांबल्यानंतरही एखादे यंत्र चाळीस-पंचेचाळीस वर्षे लोकांच्या वापरात राहिले, तर त्याच्या ह्या उत्तरायुष्याचा इतिहास कोणी लिहावयाचा? कारखान्याच्या दप्तरात तो सापडत नाही. तो सापडतो मालकांच्या सवयींत, मिस्त्रींच्या बोटांत आणि एकाने दुसऱ्याला सांगितलेल्या लहानसहान युक्त्यांत. अशाच एका यंत्राचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे. इंग्लंडमध्ये १९६२ ते १९८० ह्या काळात तयार झालेली एम.जी.बी. नावाची ही स्पोर्ट्स मोटार आहे.

एम.जी. ही अक्षरे 'मॉरिस गॅरेजेस' ह्या नावाची आद्याक्षरे होत. विल्यम मॉरिस ह्यांच्या ऑक्सफर्ड येथील ह्या पेढीचे व्यवस्थापक सेसिल किंबर ह्यांनी १९२०नंतरच्या दशकात साध्या मॉरिस मोटारींवर देखणे आणि हलके साज चढवून विकावयास आरंभ केला. त्यांतूनच अष्टकोनी चिन्हाची ही मोटार जन्मास आली. १९२९ साली हा उद्योग ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन ह्या लहानशा गावी गेला आणि पुढे एक्कावन्न वर्षे तेथेच राहिला. कारखाना म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे सरकत्या पट्ट्यांचे जे चित्र उभे राहते, तसे येथे काही नव्हते. सांगाडे पत्र्याच्या कारखान्यातून येत, इंजिने कव्हेंट्रीहून येत आणि जुळणी चाललेली गाडी कामगार हाताने ढकलत पुढच्या ठाण्यावर नेत.

सिड एनेव्हर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९६२ साली एम.जी.बी. सिद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न वेगाचा नव्हता, काटकसरीचा होता. आधीच्या एम.जी.ए. गाडीस स्वतंत्र चासी होती. नव्या गाडीत चासी काढून टाकून पत्र्याचे कवच हाच तिचा सांगाडा करण्यात आला. बाकीचे बहुतेक सामान मात्र त्याच उद्योगसमूहाच्या घरगुती मोटारींमधून घेतलेले होते. तिचे १७९८ घनसेंटिमीटरचे इंजिन 'बी-मालिका' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुटुंबातले. १९६४ साली ह्या इंजिनाच्या क्रँक-दांड्यास तिनाऐवजी पाच बेअरिंगांचा आधार मिळाला. तोदेखील स्पोर्ट्स मोटारीसाठी केलेला खर्च नव्हे. त्याच वर्षी आलेल्या ऑस्टिन १८०० ह्या कौटुंबिक मोटारीमुळे ही सुधारणा पदरात पडली.

ह्या कुटुंबाशी भारतीय माणसाची ओळख फार जुनी आहे, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात नसते. सरकारी कचेऱ्यांच्या आवारांत आणि कलकत्त्याच्या रस्त्यांवर जी अँबेसडर दिसे, तिच्यात कित्येक वर्षे बसविले जाणारे १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन ह्याच बी-मालिकेतले होते. दोहोंच्या दट्ट्याची धाव एकच, ८८.९ मिलिमीटर, फरक आहे तो सिलिंडरच्या व्यासाचा. म्हणजे ताशी १६० किलोमीटरच्या वर धावणारी ती इंग्रजी मोटार आणि जिल्ह्याच्या दौऱ्यावर धुळीतून जाणारी आपली गाडी ह्या एका घराण्यातल्या बहिणी. ज्या मिस्त्रीने अँबेसडरचे टॅपेट जुळविले, त्याला एम.जी.बी.चे बॉनेट उघडून दिले तर तो परक्या घरी आल्यासारखा बिचकणार नाही.

काटकसरीच्या पोटी बुद्धी जागी होते, ह्याची उदाहरणे ह्या गाडीत पावलोपावली आढळतात. उघड्या गाडीच्या समोरील काचेच्या मध्यभागी एक उभी सळई आहे. काचेची चौकट खाली ताणून धरणे हे तिचे काम. परंतु तिच्यावरच मागचे पाहण्याचा आरसा बसविलेला आहे आणि तो चालकाच्या उंचीप्रमाणे वरखाली सरकतो. पुढच्या चाकांचे धक्के शोषून घेणारे तेलाचे पात्र घ्या. त्याचा हात हाच चाकाच्या जुळणीतला वरचा दुवा होय. म्हणजे एका सुट्या भागाची बचत झाली. बॅटरीसाठी पुढे जागा नव्हती. म्हणून सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या मागे, फिरत्या दांड्याच्या दोन्ही अंगांस एकेक अशा ठेवून त्या एकामागे एक जोडण्यात आल्या. १९७४पर्यंत हीच व्यवस्था चालू होती. नव्याने गाडी घेतलेल्या मनुष्यास आपल्या गाडीत दोन बॅटऱ्या आहेत हेच कधीकधी ठाऊक नसते. आणि एकीच्या टोकावर पांढरी बुरशी साचून गाडी सुरू होईनाशी झाली की तो भलतीकडेच दोष शोधू लागतो.

काटकसरीप्रमाणेच कायद्याच्याही खुणा ह्या गाडीच्या अंगावर उमटलेल्या आहेत. तिचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका. १९६८च्या आरंभापासून तेथे मोटारींच्या सुरक्षिततेचे संघराज्याचे नियम लागू झाले. काचेचा अमुक एक भाग वायपरने पुसला गेलाच पाहिजे, हा त्यांतला एक नियम. एम.जी.बी.ची काच रुंद पण बुटकी. दोन वायपर तेवढा भाग पुसू शकत नव्हते आणि काच बदलणे खर्चाचे होते. तेव्हा ॲबिंग्डनच्या लोकांनी तिसरा वायपर बसवून टाकला! अमेरिकेकडे गेलेल्या उघड्या गाड्यांवर आजही तीन लहान वायपर दिसतात. त्याच वेळी चालकापुढील फळीवर जाड गादी आली. आघात झाल्यास डोके वाचावे हा तिचा हेतू. परंतु सामान ठेवण्याचा कप्पा तिने गिळून टाकला. ह्या गादीस शौकिनांनी 'ॲबिंग्डनची उशी' असे नाव ठेवले आहे. पुढे १९७४ साली चकचकीत बंपरांच्या जागी काळे, रबरासारखे बंपर आले आणि ते ठराविक उंचीवर यावेत म्हणून सारी गाडीच इंच-दीड इंच वर उचलण्यात आली. त्यामुळे वळणावर ती अधिक कलू लागली. राजपत्रात छापलेले कलम पत्र्यावर कसे उमटते, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने १९६२ची आणि १९७५ची अशा दोन एम.जी.बी. शेजारी शेजारी उभ्या करून पाहाव्या.

गाडीचे वय ओळखण्याच्याही काही खुणा आहेत. दाराची बाहेरची मूठ ओढून उघडावयाची असेल तर गाडी १९६५पूर्वीची समजावी. आरंभीच्या वर्षांत बॉनेट ॲल्युमिनियमचे असे. लोहचुंबक चिकटला नाही तर मूळचे बॉनेट टिकून आहे असे मानण्यास हरकत नाही. १९६७पूर्वीच्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हते, म्हणून गाडी पूर्ण थांबल्यावाचून तो टाकू नये. ह्याच गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असे. आजच्या रिवाजाच्या नेमके उलट. मागाहून कोणी ही जोडणी फिरविलीही असेल. तेव्हा नवे उपकरण बसविण्यापूर्वी पुस्तकावर विसंबू नये. तारेचा माग स्वतः घ्यावा.

अठरा वर्षांत पाच लाखांहून अधिक एम.जी.बी. तयार झाल्या. १९७९च्या सप्टेंबरात ॲबिंग्डनच्या पन्नाशीचा सोहळा साजरा झाला. त्याच्या पताका उतरतात न उतरतात तोच कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. ऑक्टोबर १९८०मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली आणि दारे मिटली. येथे रूढ इतिहासाचा शेवट होतो आणि दुसऱ्या इतिहासाचा आरंभ होतो.

कारखाना मिटला की सुटे भाग दुर्मिळ होतात, मग गाड्या भंगारात जातात, हा नेहमीचा क्रम. एम.जी.बी.च्या बाबतीत तो चुकला. मालकांच्या संघटना आधीपासूनच उभ्या होत्या. एक १९३० सालची, दुसरी १९७३मध्ये स्थापन झालेली. आपापल्या अनुभवाची टिपणे त्या एकमेकांस पुरवीत होत्या. ब्रिटिश मोटर हेरिटेज ह्या संस्थेने गाडीच्या पत्र्याचे मूळ साचे शोधून गोळा केले आणि १९८८पासून त्याच साच्यांवर संपूर्ण नवे कवच तयार करण्यास आरंभ केला. बंद पडलेल्या मोटारीचा सांगाडा आठ वर्षांनी पुन्हा नव्याने मिळू लागावा, ही यंत्रांच्या इतिहासातील विलक्षण घटना होय. त्या कवचाच्याच पायावर १९९२ साली आर.व्ही.८ ही नवी मोटार निघाली आणि तिच्यातल्या बहुतेक गाड्या जपानला गेल्या.

ह्या राखणदारांनी जमविलेले ज्ञान कोणत्या प्रकारचे आहे, त्याची काही उदाहरणे देतो. ती जुनी गाडी बाळगणाऱ्यास उपयोगी पडतील. ज्यांच्याजवळ गाडी नाही त्यांना निदान ह्या ज्ञानाची जात कळेल.

गाडी घेताना इंजिनापेक्षा पत्रा पाहावा, हा पहिला धडा. चासी नसल्यामुळे उघड्या गाडीचे सारे बळ दारांखालच्या दोन लांब पोकळ पेट्यांत असते. त्यांना 'सिल' म्हणतात. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि मधला पडदा असे तिचे तीन थर असतात. बाहेरचा पत्रा नवा व रंगीत असला तरी मधला गंजून गेलेला असू शकतो. ह्याची परीक्षा सोपी आहे. गाडी जॅकवर उचलावी आणि दार उघडून लावून पाहावे. दार अडकू लागले तर गाडीची कंबर खचली आहे असे समजावे. पुढच्या चाकामागे, मडगार्डाच्या आत चिखल साचून राहतो आणि तेथूनच गंज सुरू होतो. म्हणून पावसाळ्यानंतर तेथला चिखल धुऊन काढावा. सिल व दारे ह्यांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके तारेने मोकळी करावी. खर्च काहीच नाही. पण ह्या पाच मिनिटांच्या कामावर गाडीचे आयुष्य अवलंबून असते.

दुसरा धडा कानाचा. चावी फिरविली की गाडीच्या मागच्या बाजूने टिक-टिक असा आवाज येतो. तो एस.यू. कंपनीच्या विजेवर चालणाऱ्या पेट्रोल-पंपाचा. कार्बुरेटर भरले की तो मंदावून थांबला पाहिजे. थांबलाच नाही तर टाकी रिकामी आहे किंवा कोठे तरी गळती आहे. आणि मुळीच बोलला नाही तर त्याचे स्पर्शबिंदू चिकटले आहेत. अशा वेळी लाकडाच्या तुकड्याने त्याला हलकी टिचकी मारून घर गाठावयाचे, ही मालकांची जुनी युक्ती. अर्थात घरी पोचल्यावर पंप दुरुस्त करावयाचा असतो, हे पुष्कळ जण विसरतात!

कार्बुरेटरही एस.यू.चेच, आणि दोन. ह्या कार्बुरेटरची मूळ कल्पना १९०५च्या सुमारास इंग्लंडमधील पादत्राणांचा व्यापार करणाऱ्या स्किनर घराण्यातल्या एका तरुणाची. आरंभी त्यात चामड्याचा भाता असे; मागाहून त्याच्या जागी धातूचा दट्ट्या आला. त्या दट्ट्याची उडी आवरण्यासाठी माथ्यावरच्या नळीत थोडे तेल लागते. ते आटले की गती वाढविताना गाडी अडखळते. अशा वेळी कार्बुरेटर उघडून बसण्यापूर्वी वरची टोपी फिरवून तेल पाहावे. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागते.

टॅपेट जुळविण्यासाठी 'नवाचा नियम' आहे. आठ झडपांना पुढून मागे एक ते आठ असे क्रमांक द्यावेत. जी झडप पूर्ण उघडी असेल तिचा आकडा नवातून वजा करावा. बाकी राहील त्या क्रमांकाच्या टॅपेटची फट जुळवावी. पहिली उघडी असेल तर आठवी, तिसरी उघडी असेल तर सहावी. थंड इंजिनात फट एका इंचाच्या हजार भागांपैकी पंधरा भाग ठेवावी. इंजिन तापल्यावर, चालत्या गाडीत, तेलाचा दाब दर चौरस इंचास ५० ते ८० पौंड असावा. उभ्या गाडीत इंजिन मंद चालू असताना तो १० ते २५ पौंडांवर आला तर घाबरू नये. ही इंजिने २०-५० जातीच्या जाड तेलाची आहेत. आजच्या मोटारींसाठी केलेले पातळ तेल महाग असले तरी त्यांना मानवत नाही.

पुढच्या चाकांच्या किंगपिनना सुमारे पाच हजार किलोमीटरांस ग्रीस द्यावे, तेही चाक अधांतरी उचलून. नाही तर जेथे भार पडतो तेथे ग्रीस पोचत नाही. तारेच्या चाकांची गाडी असेल तर हबच्या दात्यांना ग्रीस लावावे. गाडी पुढे-मागे घेताना चाकातून 'टक्' असा आवाज येऊ लागला तर दाते झिजले आहेत. मधली मोठी चकती सोडविताना तिच्यावरचा बाण पाहावा, कारण दोन्ही बाजूंचे आटे परस्परांविरुद्ध असतात. ज्या गाडीत ओव्हरड्राइव्ह आहे तेथे वरच्या गिअरमध्ये खटका दाबताच इंजिनाचे फेरे सुमारे एक-पंचमांशाने कमी होतात. हे यंत्र गिअर-बॉक्सच्याच तेलाच्या दाबावर चालते. ते चालेनासे झाले तर गिअर-बॉक्स उतरविण्यापूर्वी तेलाची पातळी, खटका आणि तारांचे जोड पाहावेत. आणि पाने घ्यावयाचे ते इंचांच्या मापाचे; मिलिमीटरच्या पान्याने नटाचे कोपरे झिजतात आणि पुढच्या माणसाचे काम अवघड होते.

काही प्रश्न असे आहेत की जे ॲबिंग्डनच्या लोकांना ठाऊकच नव्हते. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये शिसे असे. त्याचा पातळ थर झडपांच्या बैठकींचे रक्षण करी. २०००च्या आरंभी ब्रिटनमध्ये आणि भारतातही शिशाचे पेट्रोल बंद झाले. लोकांच्या आरोग्यासाठी ते आवश्यकच होते. पण जुन्या बिडाच्या माथ्यात झडपा हळूहळू आत रुतू लागल्या. टॅपेटची फट पुनःपुन्हा आपोआप कमी होऊ लागली तर हेच कारण समजावे आणि कठीण पोलादाच्या बैठकी बसवून घ्याव्यात. त्यानंतर इथेनॉल आले. भारतात २०२५पर्यंत पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण शेकडा वीसवर पोचले. इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबराच्या नळ्या मऊ करते. तेव्हा इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवाव्यात आणि महिनोन्‌महिने टाकीत पेट्रोल साठवून गाडी उभी करू नये.

आता एक वादाचा मुद्दा. अनेक मालक काळे बंपर काढून जुन्या धर्तीचे चकचकीत बंपर बसवितात, गाडी खाली उतरवितात, तिसरा वायपर काढून टाकतात. गाडी दिसावयास अधिक देखणी होते हे खरे. पण १९७५च्या गाडीस १९६५ची करणे म्हणजे जुन्या दस्तऐवजावरील तारीख खोडून दुसरी लिहिण्यासारखे आहे. भारतात ह्या प्रश्नाला आता कायद्याचेही अंग आले आहे. केंद्र शासनाने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात राखलेले वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. ज्याची चासी, कवच वा इंजिन ह्यांत मोठा फेरफार केला आहे, ते ह्या व्याख्येत बसत नाही. आयातीच्या निर्बंधांमुळे आपल्याकडे एम.जी.बी. फार थोड्या आल्या. पण हा नियम सर्वच जुन्या गाड्यांना लागू आहे. माझे मत असे की, ज्याने जीव वाचतो असा बदल अवश्य करावा; चांगले ब्रेक आणि आसनपट्टे ह्यांना इतिहासाच्या नावाने विरोध करू नये. मात्र काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवावा आणि एक नोंदवही बाळगून केव्हा, काय व का बदलले ते तीत लिहावे. कचेरीत ज्याप्रमाणे टिपणावाचून धारिका पुढे सरकत नाही, त्याचप्रमाणे नोंदीवाचून गाडी पुढच्या मालकाकडे जाऊ नये.

एम.जी. हे नाव आज भारतीय रस्त्यांवर पुन्हा दिसते. २०१९पासून गुजरातमधील हालोल येथे त्या नावाच्या नव्या मोटारी तयार होत आहेत. नावाची मालकी चिनी उद्योगाकडे गेली आहे आणि अष्टकोन तेवढा राहिला आहे. ह्यात खेद करण्यासारखे काही नाही. नावे विकली जातात आणि विकत घेतली जातात. पण टॅपेटची फट बोटांनी ओळखणारा माणूस विकत मिळत नाही. आपल्याकडे उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबेसडरची निर्मिती २०१४ साली थांबली. त्या गाडीच्या पेट्रोल इंजिनांवर ज्यांचे हात बसले, ते मिस्त्री आता वृद्ध झाले आहेत. त्यांच्या पाठीमागे कोणतीही संघटना नाही आणि त्यांचे ज्ञान कोणी लिहून घेतलेले नाही. ॲबिंग्डनची मोटार टिकली, कारण तिच्या मालकांनी आपले अनुभव वेळेवर लिहून ठेवले आणि एकमेकांस दिले. त्याच घराण्यातल्या आपल्या गाडीच्या बाबतीत हे काम अजून करता येण्यासारखे आहे. त्यासाठी साचे लागत नाहीत, भांडवल लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि गॅरेजच्या दाराशी बसलेल्या वृद्ध मिस्त्रीसमोर दोन घटका बसण्याची तयारी एवढे पुरे आहे.